डोंगरातला सामूहिक सराव: वेग कोणाचा धरावा आणि गट कसा सांभाळावा

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. एका समाजकार्यासाठी निधी उभा करणाऱ्या ५० किलोमीटरच्या डोंगरी आव्हानात आपल्या १४ जणांच्या गटाने नाव नोंदवले आहे. मार्गावरची एकूण चढाई सुमारे २४०० मीटर आहे. आव्हान चार आठवड्यांवर आले असून त्याआधी सर्वांनी मिळून डोंगरात एक मोठा सराव करण्याचे ठरते आहे. गटातील काही जण मॅरेथॉन पूर्ण केलेले आहेत, तर काहींनी गेल्या वर्षभरातच धावायला सुरुवात केली आहे. अंतर किती ठेवावे, वेग कोणाचा धरावा आणि गट फुटू नये म्हणून काय करावे, हे आपण विचारले आहे.

वेगाचे उत्तर एका वाक्यात देता येते: सर्वांत मागच्या व्यक्तीचा वेग हाच त्या दिवशी गटाचा वेग. बाकीचे सगळे नियोजन या एका गोष्टीवर उभे राहते, आणि बहुतेक गटांचे सराव बिघडतात तेही ही गोष्ट तोंडाने मान्य करून पायांनी न पाळल्यामुळे. आव्हानाला तीन-चार आठवडे उरलेले असताना एका दिवसात कोणाचाही दमसास वाढत नाही. तो आधीच्या महिन्यांत कमावलेला असतो किंवा नसतो. या सरावात पाहायचे ते एवढेच की हे १४ जण आठ-नऊ तास डोंगरात एकमेकांसोबत राहू शकतात का, थकल्यावर खरे बोलतात का आणि कोणीतरी ‘आता परत फिरू’ म्हटल्यावर ऐकतात का.

सराव आव्हानाच्या साधारण तीन आठवडे आधी ठेवावा. लांब उताराने मांड्यांच्या स्नायूंना होणारी सूक्ष्म इजा भरून यायला एक ते दोन आठवडे लागतात आणि त्यानंतर काही दिवस हलक्या धावण्याचे हवेत. त्याहून उशीर केला तर थकलेले पाय घेऊन आरंभरेषेवर उभे राहावे लागते. अंतराच्या बाबतीत अर्ध्याहून थोडे अधिक, म्हणजे २६ किलोमीटरच्या आसपास, पुरेसे आहे. मात्र अंतरापेक्षा चढाईचे प्रमाण जुळवणे महत्त्वाचे. आपल्या मार्गावर दर किलोमीटरला सरासरी ४८ मीटर चढाई येते. म्हणून २६ किलोमीटरच्या सरावात सुमारे १२५० मीटर चढ असलेली वाट निवडावी. सपाट वाटेवर ३५ किलोमीटर धावून आलेल्या गटापेक्षा असा २६ किलोमीटरचा सराव केलेला गट अधिक तयार असतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. मेट्रिक मापांत तो असा सांगतात: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्याप्रमाणे २६ किलोमीटरला ५ तास १२ मिनिटे आणि १२५० मीटर चढाईला २ तास ५ मिनिटे, असे ७ तास १७ मिनिटे होतात. पुढे ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगमुर यांनी त्यात उताराची दुरुस्ती सुचवली: तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटे वाढवावीत. ६०० मीटरचा तीव्र उतार धरला तर आणखी २० मिनिटे. थांबे मिळून एक तास जोडला की आपण साडेआठ तासांच्या पुढे जातो. हा हिशेब चालणाऱ्यांचा आहे, आम्ही तर धावणार, अशी हरकत गटातील वेगवान मंडळी हमखास घेतात. सपाटीवर त्यांचे म्हणणे खरे आहे. पण १४ जणांचा गट चढावर चालतोच, अवघड उतारावर जपून उतरतो आणि सपाटीवर कमावलेली मिनिटे बुटांतले खडे काढण्यात, कपडे बदलण्यात व वाट तपासण्यात घालवतो. म्हणून मिश्र गटासाठी मी हा आकडा कमी करत नाही. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी वाट संपेल, असे गणित उलटे मांडून सुरुवातीची वेळ ठरवावी, आणि तरीही प्रत्येकाच्या पाठीवर हेडलॅम्प असावा.

चढावर सर्वांनी चालावे, अगदी मॅरेथॉन धावलेल्यांनीसुद्धा. वाट पुरेशी उभी झाली की धावणे आणि झपझप चालणे यांच्या वेगात फारसा फरक उरत नाही. फरक पडतो तो फक्त धाप लागण्यात. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, ही साधी खूण पुरेशी आहे. घड्याळातल्या हृदयगतीच्या आकड्यांपेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण मागच्या माणसाचे घड्याळ पुढच्याला दिसत नाही, पण त्याचे बोलणे बंद झालेले ऐकू येते.

गट फुटतो कसा, हे जवळून पाहिले तर उपाय आपोआप सुचतो. पहिले चार जण खिंडीत पोहोचतात. ते बसतात, पाणी पितात, खातात, एखादा बुटांची नाडी पुन्हा बांधतो. पाच-सात मिनिटांनी मधले येतात आणि त्यांनाही थोडी विश्रांती मिळते. बारा-पंधरा मिनिटांनी शेवटचे दोघे घामाने निथळत वर येतात आणि ते दिसताच पुढचे उठून उभे राहतात: ‘आले सगळे? चला.’ ज्यांना विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे त्यांना शून्य मिनिटे मिळतात आणि ज्यांना ती नको होती त्यांना पंधरा मिनिटे मिळून वर त्यांचे अंग थंड पडलेले असते. मागच्यांना खाण्याची फुरसत मिळत नाही, संकोचापोटी ते ‘मी ठीक आहे’ म्हणतात आणि पुढच्या चढावर अंतर आणखी वाढते. तिसऱ्या-चौथ्या थांब्यापर्यंत हा गट नावापुरताच एक राहिलेला असतो.

म्हणून नियम असा करावा की थांब्याचे घड्याळ शेवटची व्यक्ती पोहोचल्यावर सुरू होते. ती बसली, प्यायली, खाल्ले आणि निघायला तयार आहे असे तिने स्वतः सांगितले, की मगच गट हलतो. ‘ठीक आहेस ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. ‘मागच्या तासात काय खाल्लेस?’, ‘पाणी किती उरले आहे?’, ‘पायात कुठे चुरचुरते आहे का?’ असे प्रश्न विचारावेत. त्यांना हो म्हणून सुटका करून घेता येत नाही.

१४ जण एकाच रांगेत सांभाळणे कठीण असल्याने सात-सात जणांचे दोन उपगट करावेत आणि वेगवान व नवखे दोन्हींत मिसळावेत. प्रत्येक उपगटाला पुढे एक लीड आणि मागे एक बॅक लीड हवा. माझ्या मते बॅक लीडची निवड अधिक महत्त्वाची आहे. तिथे गटातला सर्वांत अनुभवी आणि सर्वांत कमी घाईचा माणूस ठेवावा. त्याच्या मागे कोणीही राहू नये, निसर्गाच्या हाकेला बाजूला गेलेला माणूसही नाही. लीडच्या पुढे कोणी जायचे नाही. वाट फुटते तिथे प्रत्येकाने मागचा माणूस नजरेस पडेपर्यंत थांबायचे आणि त्याने हात वर करून वाट कळल्याची खूण केली की मगच पुढे निघायचे. लीड एकटाच फाट्यावर थांबून सर्वांना दिशा दाखवत बसला तर पुढचे लोक त्याच्याही पुढे निघून जातात, त्यापेक्षा ही साखळी बरी. प्रत्येक थांब्यावर मोजणी करावी आणि ती मोठ्याने, प्रत्येकाने आपला क्रमांक उच्चारून करावी. नजरेने मोजलेल्या डोक्यांत एखाद्या परक्या पदयात्रीचे डोके सहज मिसळते.

वेगवान सदस्यांची कुचंबणा होते, हे मान्य करायला हवे. त्यांच्यासाठी एखादा छोटा, स्पष्ट चढ निवडून ‘इथून त्या पठारापर्यंत हवे तसे पळा, वर थांबा’ अशी मोकळीक द्यावी. शिवाय त्यांना आळीपाळीने मागे ठेवावे. आठ तास पुढे राहिलेल्या माणसाला आपला गट कसा दिसतो हे कधीच कळत नाही.

उताराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सपाटीवर तयार झालेल्या धावपटूंचे पाय तिथेच दगा देतात. उतरताना मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू लांबत असतानाच भार पेलून ब्रेक लावत असतात, आणि अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना सर्वाधिक इजा होते. दुखणे त्याच दिवशी फारसे जाणवत नाही. ते २४ ते ७२ तासांत कळसाला पोहोचते आणि मग जिना उतरणेही नकोसे होते. पण शरीराची एक सोय आपल्या कामाची आहे: एकदा असा मार सोसलेले स्नायू पुढच्या खेपेला त्याच उताराने बरेच कमी दुखावतात आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. तीन आठवडे आधी डोंगर उतरून यायचे मुख्य शारीरिक कारण हेच आहे. चढ तर जिन्यांवरही घोटता येतो.

उतरताना पावले आखूड आणि जलद टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि धड मागे झुकवू नये. घाबरलेला माणूस मागे रेलतो, त्याचा भार टाचांवर जातो आणि मुरमाड वाटेवर नेमक्या टाचाच आधी घसरतात. नजर बुटांच्या टोकावर न ठेवता तीन-चार पावले पुढच्या जमिनीवर ठेवावी. पाय पडायची जागा आधीच निवडलेली असली की ऐनवेळी कचरायला होत नाही. घसाऱ्यावर दोन व्यक्तींत पुरेसे अंतर ठेवावे आणि शक्यतो कोणीही दुसऱ्याच्या थेट खाली असू नये. तसा अरुंद टप्पा असेल तर एकाने उतरून बाजूला झाल्यावरच दुसऱ्याने निघावे. दगड सुटला तर ‘दगड!’ असे ओरडायचे, मग तो लिंबाएवढा का असेना. ओल्या कातळावर आणि झाडांच्या उघड्या मुळांवर धावू नये, चालावे. तिथे वाचवलेल्या मिनिटाची किंमत मुरगळलेल्या घोट्याने मोजावी लागते.

फोडांचे शास्त्र फार नाही. त्वचेला ऊब किंवा चुरचुर जाणवली की त्याच क्षणी थांबावे, मोजे काढावेत, वाळूचा कण झटकावा, जागा कोरडी करून चिकटपट्टी लावावी. त्याला तीन मिनिटे लागतात. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हटल्यास तोवर फोड आलेला असतो. आव्हानाला जे बूट, मोजे आणि सॅक वापरणार, तेच सरावाला वापरावेत, आणि सॅकमध्ये त्या दिवशीएवढेच वजन भरावे.

खाण्याच्या बाबतीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत आणि ती पहिल्या तासापासून, भूक लागायची वाट न पाहता. कोणता पदार्थ घ्यावा हे मी सांगणार नाही; चढावर, धाप लागलेली असताना आणि सहाव्या तासालाही जो गिळवतो तो चांगला. हे घरी बसून कळत नाही, म्हणूनच सरावात पाहायचे.

पाण्याबाबत मात्र सावध राहावे. ‘जितके प्याल तितके चांगले’ हा समज घातक आहे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्ताचे नमुने दिलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले होते, आणि शर्यतीदरम्यान ज्यांचे वजन वाढले, म्हणजे ज्यांनी गरजेपेक्षा जास्त प्यायले, त्यांना हा धोका अधिक होता. हळू जाणारे, जास्त वेळ वाटेवर असणारे आणि प्रत्येक थांब्यावर काळजीने पाणी पाजले गेलेले लोक, म्हणजे आपल्या गटातील नवखी मंडळीच, यात सापडतात. तहानेप्रमाणे प्यावे, खाण्यात मीठ असावे, आणि कोणाला डोकेदुखी, मळमळ, बोटांना सूज व गोंधळल्यासारखे होत असेल तर आणखी पाणी देण्याआधी त्याने आतापर्यंत किती प्यायले आहे हे विचारावे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सरावात आणि आव्हानात टाळाव्यात. दीर्घ श्रम, घाम आणि अशा गोळ्या यांचा एकत्रित भार मूत्रपिंडांवर पडतो, शिवाय दुखण्याची सूचना दाबली जाऊन इजा वाढते.

सामानावर वाद होतो तो नेहमी वजनावरून, आणि तो मिटवायला मी २२ मे २०२१ ची घटना सांगतो. चीनमधील गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू झाल्यावर काही तासांत उंचावरील टप्प्यात गारा, पाऊस आणि जोराचा वारा सुरू झाला. पातळ कपड्यांतल्या धावपटूंच्या शरीराचे तापमान घसरत गेले आणि २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अव्वल दर्जाचे धावपटूही होते. त्या शर्यतीत वारा अडवणारे जाकीट सक्तीचे नव्हते. उंचीबरोबर हवा दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सियसने थंड होते. त्यात ओले अंग आणि वारा मिळाला की उष्ण प्रदेशातही माणूस कुडकुडू लागतो, विशेषतः घोटा मुरगळल्यामुळे त्याला धावून ऊब आणता येत नसेल तेव्हा. म्हणून वारा-पाऊस अडवणारे जाकीट, एक कोरडा ऊबदार थर, अंग गुंडाळायची चंदेरी आपत्कालीन चादर, हेडलॅम्प, शिट्टी आणि पूर्ण चार्ज केलेला फोन प्रत्येकाकडे हवा. ‘दोघांत एक’ अशी वाटणी चालत नाही, कारण गट फुटतो तेव्हा ती दोघे नेमकी दोन बाजूंना असतात. नकाशा निदान चौघांच्या फोनमध्ये इंटरनेटविना उघडेल असा उतरवून ठेवावा आणि एक प्रत कागदावर असावी. प्रथमोपचाराची पेटी बॅक लीडकडे द्यावी. पुढच्याकडे दिली तर ती नेहमी अपघाताच्या पुढे दोन वळणांवर असते. मदतीसाठी शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा, असा आहे. प्रत्युत्तराच्या तीन शिट्ट्या ऐकू आल्या तरी मदत प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत तो चालू ठेवावा. हा संकेत निघण्यापूर्वी सर्वांकडून एकदा म्हणवून घ्यावा.

वाट आखताना तिच्यातून लवकर बाहेर पडण्याच्या किमान दोन जागा नकाशावर खुणा करून ठेवाव्यात आणि मागे फिरण्याची वेळ आदल्या दिवशीच ठरवावी: अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही तर आहोत तिथून परत. थकलेल्या आणि उत्साही १४ जणांची मते डोंगरावर घेत बसू नये. परतीचा निर्णय एका नेमलेल्या व्यक्तीचा आणि तो वादाविना मान्य, असे ठरलेले असावे. मेघगर्जना ऐकू आली म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असे समजून माथा आणि उघडी धार सोडावी. उन्हात कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा विचित्र वागू लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आडवा करून मिळेल त्या पाण्याने भिजवत वारा घालणे त्याच क्षणी सुरू करावे आणि दुसऱ्याने मदतीला फोन करावा. आधी खाली नेऊ आणि मग थंड करू, हा क्रम जीवघेणा ठरू शकतो. माणूस जखमी झाला तर त्याला एकटे सोडायचे नाही, आणि निरोप घेऊन जाणारेही दोघे असावेत.

निधीशी निगडित एक गोष्ट प्रश्नात आलेली नाही, पण ती मला सर्वांत काळजीची वाटते. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झालेला आणि पुढे ऑक्सफॅम या गरिबी निवारणाचे काम करणाऱ्या संस्थेच्या निधीसंकलनाचा उपक्रम बनलेला ट्रेलवॉकर चौघांच्या गटाने १०० किलोमीटर एकत्र पार करण्यावर बेतलेला आहे. अशा उपक्रमांची ताकद एकत्र राहण्यात आहे आणि त्यांचा दबावही तिथूनच येतो. ज्याने नातेवाइकांकडून, सहकाऱ्यांकडून देणग्या गोळा केल्या आहेत, तो गुडघा दुखत असल्याचे लपवतो. ‘लोकांनी पैसे दिलेत, आता माघार कशी घेऊ?’ हे वाक्य मी कोणत्याही वेगाच्या स्पर्धेत ऐकले नाही, निधीसाठीच्या आव्हानात मात्र नेहमी ऐकतो. यावर बोलायची वेळ सरावाच्या आदल्या संध्याकाळी आहे, डोंगरावर नाही. देणगीदारांना आधीच स्पष्ट कळवावे की रक्कम त्या कार्याला जाणार आहे आणि कोण किती किलोमीटर गेला यावर ती अवलंबून नाही. जिथे देणगी प्रति किलोमीटर ठरली असेल तिथे ती संपूर्ण गटाच्या मिळून अंतरावर धरावी. मग एकाच्या गुडघ्यावर सगळा भार येत नाही. सरावात ज्याने वेळीच दुखणे सांगितले आणि लवकर बाहेर पडण्याच्या वाटेने उतरला, त्याचे गटाने उघडपणे कौतुक करावे. पुढच्या वेळी दुसरा कोणी तोंड उघडेल तो ते पाहूनच.

सराव संपल्यावर, सगळे घरी पांगण्याआधी, अर्धा तास बसून प्रत्येकाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: काय खाववले नाही, सामानातले काय लागले किंवा कमी पडले, आणि कोणत्या टप्प्यावर गट आपल्याला सोडून चालला आहे असे वाटले. तिसरा प्रश्न निनावी चिठ्ठीवर विचारलेला बरा. पुढचे तीन-चार दिवस फक्त चालणे, त्यानंतर आठवडाभर हलके धावणे. सातव्या दिवशीही एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल, किंवा दुखण्यामुळे चाल बदलली असेल, तर ते स्नायूंचे नेहमीचे दुखणे नव्हे. त्या व्यक्तीने डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे आणि त्यांचा सल्ला मिळेपर्यंत धावणे बंद ठेवावे. चिठ्ठ्यांमधून एकाच टप्प्याचा उल्लेख दोन-तीन वेळा आला, तर उपगटांची विभागणी आव्हानाआधी बदलावी. त्यासाठी हाताशी पुरेसे दिवस असतात.